सिंगापूरच्या उपकंपनीचा लाभांश : करार शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कर भरू नका

मरोळची_लेक | १४ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आमचे पैसे गेले ते गेले, पण मुंबईत आमच्यासारख्या लहान कंपन्या पुष्कळ आहेत, त्यांचे तरी वाचावेत म्हणून हा धागा काढतेय.

बाबांचा मरोळला एमआयडीसीत प्रेशर गेजचे सुटे भाग बनवायचा कारखाना आहे. हिशोबाची बाजू मी बघते. आग्नेय आशियातली गिऱ्हाइकं वाढली तेव्हा २०१६ मध्ये आम्ही सिंगापूरला उपकंपनी काढली. तिचे शंभर टक्के शेअर मुंबईच्या कंपनीकडे आहेत. पहिली काही वर्षं तिथला नफा तिथेच वापरला. मग कारखान्यात नवी सीएनसी मशिनं घ्यायची ठरली आणि २०२२-२३ मध्ये पहिल्यांदा लाभांश इकडे मागवला.

सिंगापूर लाभांशावर काहीच कापत नाही. रक्कम पूर्ण आली. आमच्या तेव्हाच्या सीएंनी सांगितलं, "तिकडे कापलेलं नाही, म्हणजे क्रेडिट, तिकडच्या कराची इकडच्या करातून वजावट, शून्य. इथे २५.१७ टक्के भरून टाका." आम्ही भरले. पुढच्या वर्षीही तसेच भरले.

डिसेंबर २०२४ मध्ये पार्ल्याला मावशीकडे जेवायला गेले होते. काका एका मोठ्या कंपनीच्या करविभागातून निवृत्त झालेत. बोलता बोलता विषय निघाला. त्यांनी विचारलं, "करार वाचलास का?" मी म्हटलं, "वाचला की, कलम १०, लाभांशाचं." ते म्हणाले, "आणि कलम २५?"

ते मी उघडलंच नव्हतं.

भारत-सिंगापूर दुहेरी कर टाळण्याचा करार १९९४ चा आहे. त्याच्या कलम २५ मध्ये दुहेरी कर कसा काढून टाकायचा ते दिलंय, आणि त्यात एक वाक्य आहे. भारतातल्या कंपनीकडे सिंगापूरच्या कंपनीचे किमान २५ टक्के शेअर असतील, तर लाभांश ज्या नफ्यातून आला त्या नफ्यावर सिंगापूरच्या कंपनीनं भरलेला करसुद्धा क्रेडिट देताना धरायचा. याला अंतर्निहित कराचं क्रेडिट म्हणतात. लाभांशावर काही कापलं गेलं की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

शंभर रुपयांचा हिशोब मांडते. सिंगापूरला नफा १००, कर १७, उरले ८३, ते सगळे मुंबईला आले. इथे ८३ वर २५.१६८ टक्के म्हणजे २०.८९. दोन्हीकडचा मिळून कर ३७.८९. काकांनी सांगितलं तसं केलं तर मूळ नफा १०० धरायचा, त्यावर भारतातला कर २५.१७, त्यातून सिंगापूरचे १७ वजा, इथे भरायचे ८.१७. एकूण २५.१७. शंभरामागे पावणेतेरा रुपयांचा फरक पडतो.

काहीजण ८३ वरच कर काढून त्यातून १७ वजा करतात, म्हणजे भरायचे फक्त ३.८९. आपल्या कायद्यात नफा असा फुगवून धरायची वेगळी तरतूद नाही, त्यामुळे हा मुद्दा मांडता येतो. काका म्हणाले, पहिल्याच दाव्यात एवढं ताणू नकोस. आम्ही १०० धरूनच हिशोब दिला.

२०२३-२४ चं रिटर्न ३१ डिसेंबर २०२४ च्या आत सुधारून भरलं, सोबत फॉर्म ६७, म्हणजे परदेशी कराच्या क्रेडिटचा दावा, जोडला. त्याचा परतावा यंदा ऑगस्टमध्ये मिळाला. पण २०२२-२३ चं रिटर्न सुधारायची मुदत ३१ डिसेंबर २०२३ लाच संपली होती. नंतर भरता येतं ते अपडेटेड रिटर्न, आणि त्यात कर वाढवून भरता येतो, परतावा मागता येत नाही. त्या एका वर्षाचे साधारण एकोणीस लाख जास्त गेलेत. आमच्या कारखान्यात चौदा माणसं काम करतात. मला ते आकड्यात नाही, त्यांच्या पगारात दिसतात.

कोणाची परदेशात उपकंपनी असेल तर आधी करार शेवटपर्यंत वाचा. इतकंच सांगायचं होतं. प्रश्न असतील तर विचारा, मला जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगेन.

---

बदलापूर_फास्ट | १४ नोव्हेंबर, रात्री ११.१५

ताई, चांगलं लिहिलंत. एक बाळबोध प्रश्न. सिंगापूरच्या कंपनीनं कर भरला तो तिचा. तुमच्या कंपनीनं भरला तो तुमच्या उत्पन्नावरचा. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळे कर. मग दुहेरी कर कुठे झाला?

---

मरोळची_लेक | १४ नोव्हेंबर, रात्री ११.५०

प्रश्न बाळबोध नाही, सगळी मेख तिथेच आहे. कायद्याच्या नजरेनं करदाते दोन आहेत, हे खरं. पण पैसा एकच आहे. एका गेजवर झालेला नफा आधी उपकंपनीच्या हातात असताना कर देतो, मग आमच्या हातात आला की पुन्हा देतो. आम्ही तिथे उपकंपनी न काढता शाखा उघडली असती तर तोच नफा थेट आमचा ठरला असता आणि सिंगापूरचा कर सरळ वजा मिळाला असता. मधे फक्त कंपनीचं कवच आहे म्हणून बोजा दीडपट का व्हावा? कलम २५ मधलं ते वाक्य याच कारणासाठी घातलंय.

---

हिशेबनीस_गोरेगाव | १५ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

धागा अतिशय उपयोगी. एक दुरुस्ती सुचवतो, कारण कोणीतरी डोळे मिटून १७ टक्के लावेल.

१७ हा सिंगापूरचा कागदावरचा दर आहे. तिथे अंशतः सूट मिळते : पहिल्या १०,००० डॉलर नफ्याचा ७५ टक्के भाग आणि पुढच्या १,९०,००० चा ५० टक्के भाग करमुक्त. म्हणजे १,०२,५०० डॉलर करातून वगळले जातात. क्रेडिट मिळतं ते प्रत्यक्ष भरलेल्या कराचं.

१० लाख सिंगापूर डॉलर नफा घ्या. कर लागतो ८,९७,५०० वर, म्हणजे १,५२,५७५. दर पडला सव्वापंधरा टक्के. लाभांश ८,४७,४२५. क्रेडिट न घेता भारतातला कर २,१३,२८० डॉलरच्या बरोबरीचा. क्रेडिट घेऊन ९९,१०५. वाचले १,१४,१७५. नफा कमी असेल तर तिथला दर अजून खाली येतो आणि क्रेडिटही त्याच प्रमाणात घटतं.

कागदपत्रांचंही सांगतो, दावा तिथेच अडतो. लाभांश कोणत्या वर्षाच्या नफ्यातून दिला ते उपकंपनीच्या बोर्डाच्या ठरावात स्पष्ट लिहून घ्या. "संचित नफ्यातून" एवढंच लिहिलेलं असेल तर कर कोणत्या वर्षाचा जोडायचा हे कोणालाच ठरवता येत नाही. सिंगापूरचं कर-आकारणी वर्ष नफ्याच्या वर्षानंतरचं असतं, आपल्यासारखंच, पण हिशोबाचं वर्ष कंपनी स्वतः ठरवते, ते मार्चअखेरच असेल असं नाही. तिथल्या कर खात्याची आकारणीची नोटीस आणि भरणा झाल्याचा पुरावा, दोन्ही लावा. डॉलरचे रुपये करताना कर भरला त्या महिन्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा टीटी बाइंग रेट, म्हणजे बँकेचा परकीय चलन खरेदीचा दर, धरायचा. आयकराचा नियम १२८ तसंच सांगतो.

---

मरोळची_लेक | १५ नोव्हेंबर, सकाळी ८.०५

अगदी बरोबर, धन्यवाद. आमचा तिथला नफा साडेतीन लाख डॉलरच्या घरात होता, त्यामुळे आमचा खरा दर बाराच्या आसपास पडला. १७ चं उदाहरण समजायला सोपं म्हणून घेतलं होतं. ठरावाचा मुद्दा लाखमोलाचा आहे. आमच्या पहिल्या ठरावात वर्षाचा उल्लेखच नव्हता, दुसऱ्या वर्षी घातला.

---

काळाघोडा_वकील | १५ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

कायद्याची बाजू थोडी. फॉर्म ६७ भरल्यावर एक आक्षेप येऊ शकतो आणि त्याची तयारी ठेवायला हवी. नियम १२८ म्हणतो, करदात्यानं "स्वतः भरलेल्या" परदेशी कराचं क्रेडिट. अंतर्निहित कर भरलाय उपकंपनीनं. मग अधिकारी म्हणणार, हा तुम्ही भरलेला नाही.

उत्तर आयकर कायद्याच्या कलम ९०(२) मध्ये आहे. करार आणि कायदा यांत जे करदात्याच्या फायद्याचं ते लागू. करारात स्पष्ट वाक्य असताना नियमातल्या शब्दानं ते पुसलं जात नाही. त्याच नियमात परदेशी कराची व्याख्या करताना "करारात समाविष्ट असलेला कर" असं म्हटलंय, तेही दाखवा.

मात्र हे सिंगापूरपुरतं लक्षात ठेवा, आणि मॉरिशसपुरतं. भारतानं आपल्या कंपन्यांना अशी सवलत फार थोड्या करारांत दिली आहे. बाकी बहुतेक करारांत फक्त कापलेल्या कराचं क्रेडिट मिळतं.

---

कांजूरमार्गकर | १५ नोव्हेंबर, सकाळी १०.१२

आमची उपकंपनी न्यू जर्सीत आहे. अमेरिकेच्या करारात आहे का असं काही?

---

काळाघोडा_वकील | १५ नोव्हेंबर, सकाळी १०.४०

आहे, पण एकाच बाजूनं. त्या कराराचं कलम २५ बघा. अमेरिकी कंपनीकडे भारतीय कंपनीचे १० टक्के मताधिकाराचे शेअर असतील तर अमेरिकेनं तिला अंतर्निहित क्रेडिट द्यायचं, असं त्यात लिहिलंय. भारतानं आपल्या कंपनीला तसं वचन दिलेलं नाही.

तुमचा हिशोब असा होईल. नफा १००, अमेरिकेचा केंद्रीय कर २१, राज्याचा कर तूर्त बाजूला ठेवू. लाभांश ७९. तुमच्याकडे किमान १० टक्के मताधिकार आहे म्हणून तिथे १५ टक्के कापतील, म्हणजे ११.८५. इथे ७९ वर १९.८८, त्यातून ११.८५ वजा, भरायचे ८.०३. सगळं मिळून ४०.८८. सिंगापूरचे २५ आणि अमेरिकेचे ४१, दोन्हीकडे मालक मुंबईचाच. कंपनी कुठे काढायची हे ठरवतानाच हे माहीत असावं.

---

ऐरोली_फायनान्स | १५ नोव्हेंबर, दुपारी १.१८

मी उलट बाजूला बसलेय. आमची कंपनी जर्मन कंपनीची भारतातली उपकंपनी आहे. दरवर्षी इथून तिकडे लाभांश जातो आणि त्याची सगळी कागदपत्रं माझ्या टेबलावरून जातात. या बाजूचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

३१ मार्च २०२० पर्यंत आपल्याकडे लाभांश वितरण कर होता, म्हणजे डीडीटी. १९९७ मध्ये १० टक्क्यांनी सुरू झाला, मधे एक वर्ष रद्द होऊन २००३ मध्ये परत आला आणि वाढत वाढत शेवटी अधिभार-उपकर धरून २०.५६ टक्क्यांवर गेला. तो कंपनीवर होता, भागधारकावर नव्हता. तिढा तिथेच होता. जर्मनीतली कंपनी म्हणायची, करारात लाभांशाला १० टक्क्यांची मर्यादा आहे, मग २०.५६ का? आपलं खातं म्हणायचं, हा लाभांश घेणाऱ्यावरचा कर नाहीच, करार इथे येतच नाही. मुंबईच्या अपिलीय न्यायाधिकरणाच्या विशेष पीठानं एप्रिल २०२३ मध्ये टोटल ऑइल इंडियाच्या प्रकरणात खात्याचीच बाजू घेतली. हंगेरीबरोबरच्या करारात मात्र वितरण कराला भागधारकाच्या हातातला कर मानायचं असं मुद्दाम लिहिलेलं आहे. इतर देशांनी ते लिहून घेतलं नाही, त्यांच्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं दुप्पट भरले.

आता वितरण कर गेला. अनिवासी कंपनीला लाभांश देताना कायद्याचा दर २० टक्के अधिक अधिभार-उपकर, कराराचा दर जर्मनीसाठी १०. कराराच्या दरावर अधिभार लागत नाही. पण १० नं कापायचं तर आमच्या हातात आधी काय हवं? मूळ कंपनीचं त्या वर्षाचं कर-निवासाचं प्रमाणपत्र, कराराचा फायदा मागण्यासाठी तिनं पोर्टलवर भरलेला फॉर्म १०एफ, आणि लाभांशाची खरी लाभार्थी तीच आहे असं तिचं लेखी निवेदन. मग पैसे बाहेर पाठवायला सीएंचा दाखला १५सीबी, आमचं निवेदन १५सीए, मग बँक. यातला एक कागद राहिला आणि आम्ही १० नं कापलं तर उरलेला कर, व्याज, सगळं आमच्या कंपनीच्या अंगावर येतं. मी आता बोर्डाची मीटिंग ठरायच्या दोन महिने आधीच जर्मनीला मेल टाकते.

आणि एक गोष्ट मला मनापासून खटकते. हे १० टक्के जर्मनीत परत मिळत नाहीत. तिथे उपकंपनीकडून आलेला लाभांश ९५ टक्के करमुक्त आहे. जिथे कर लागतच नाही तिथे क्रेडिट कशातून वजा करणार? म्हणजे आपण कापलेले १० टक्के हा त्यांचा निव्वळ खर्च. आपल्याकडे वाटतं, क्रेडिट मिळतंच की त्यांना. सूट देणाऱ्या देशाला तसं मिळत नाही. जपानचंही २००९ पासून तसंच आहे, तिथे किमान २५ टक्के भागीदारी असेल तर ९५ टक्के सूट.

---

ठाणेकर७२ | १५ नोव्हेंबर, दुपारी ३.०२

नेस्लेच्या निकालाचं काय झालं? आमच्या स्विस मूळ कंपनीला मधे ५ टक्क्यांनीच कापा असं सांगत होते.

---

ऐरोली_फायनान्स | १५ नोव्हेंबर, दुपारी ४.३५

तो अध्याय संपलाय. थोडक्यात सांगते. स्वित्झर्लंड, नेदरलँड्स, फ्रान्स यांच्या करारांत एक कलम होतं : भारतानं पुढे दुसऱ्या एखाद्या ओईसीडी (मुख्यतः विकसित देशांची संघटना) सदस्य देशाला कमी दर दिला तर तो आम्हालाही मिळावा. स्लोव्हेनिया, लिथुआनिया आणि कोलंबियाला भारतानं ५ टक्के दिले होते. पण हे तिघे ओईसीडीत गेले करार झाल्यानंतर, अनुक्रमे २०१०, २०१८ आणि २०२० मध्ये. दिल्ली उच्च न्यायालयानं ५ टक्के मान्य केले होते. सर्वोच्च न्यायालयानं १९ ऑक्टोबर २०२३ ला ते फिरवलं. करार झाला त्या दिवशी तो देश सदस्य असायला हवा, आणि सरकारनं कलम ९० खाली वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय कमी दर आपोआप लागू होत नाही, असं म्हटलं.

त्यावर स्वित्झर्लंडनं १ जानेवारी २०२५ पासून आपल्या बाजूनंही हे कलम थांबवलं. म्हणजे तिथून भारतीय कंपनीला येणाऱ्या लाभांशावर ५ ऐवजी १० टक्के. तुम्ही इथून स्विस कंपनीला लाभांश देताना मधल्या काळात ५ नं कापलेलं असेल तर आजच तुमच्या सीएंना भेटा, व्याज रोज चढतंय.

---

विक्रोळी_पूर्व | १५ नोव्हेंबर, सायंकाळी ६.२०

मरोळताई, तुम्ही कलम ८०-एम का वापरलं नाही? परदेशी उपकंपनीकडून आलेला लाभांश तुमच्या कंपनीनं पुढे आपल्या भागधारकांना वाटला तर तेवढी रक्कम उत्पन्नातून वजा मिळते. कंपनीचा कर शून्य. क्रेडिटची भानगडच नको.

---

मरोळची_लेक | १५ नोव्हेंबर, रात्री ९.१०

विचार केला होता, पण आमच्यासाठी ते उलटं पडतं. भागधारक म्हणजे आई, बाबा आणि मी. वाटलेला लाभांश आमच्या हातात स्लॅबनं लागतो. उत्पन्न पन्नास लाखांच्या आत असेल तरी वरच्या टप्प्यात ३१.२ टक्के, आणि एक कोटीच्या पुढे गेलं की ३५.८८. शिवाय कंपनीचा कर शून्य झाला की सिंगापूरचं क्रेडिटही गेलं, कारण क्रेडिट त्या उत्पन्नावरच्या भारतीय कराइतकंच मिळतं आणि उरलेलं पुढच्या वर्षी ओढता येत नाही. आम्हाला पैसे घरी नको होते, मशिनं घ्यायची होती.

ज्या कंपनीच्या डोक्यावर आणखी एक भारतीय होल्डिंग कंपनी, म्हणजे तिचे शेअर धरून असलेली कंपनी, आहे तिला ८०-एम खरंच उपयोगी आहे. तारीख मात्र सांभाळा : रिटर्नच्या मुदतीच्या एक महिना आधी वाटप झालेलं हवं. ट्रान्सफर प्रायसिंगचा, म्हणजे परदेशातल्या आपल्याच कंपनीशी केलेल्या व्यवहारांच्या किमतींचा, अहवाल लागणाऱ्यांची मुदत ३० नोव्हेंबर, म्हणजे वाटप ३० ऑक्टोबरपर्यंत.

जुन्या लोकांना आठवत असेल, आधी कलम ११५-बीबीडी होतं. २६ टक्के भागीदारी असलेल्या परदेशी कंपनीचा लाभांश १५ टक्क्यांच्या मूळ दरानं लागायचा. ते २०२२-२३ पासून बंद झालं, नेमकं आम्ही पहिला लाभांश आणला त्याच वर्षी. एक वर्ष आधी आणला असता तर, असं बाबा अजून म्हणतात.

---

निवृत्त_आयकर | १६ नोव्हेंबर, सकाळी ६.४५

आयकर खात्यात ३३ वर्षं काढली, त्यातली बरीचशी महर्षी कर्वे रोडवरच्या आयकर भवनात. दोन गोष्टी सांगतो, दोन्ही महत्त्वाच्या.

पहिली. बाळ, तुमच्या सिंगापूरच्या कंपनीचे निर्णय कोण घेतं? तुम्ही मरोळमध्ये बसून घेत असाल तर लाभांशाचा प्रश्न फार छोटा आहे. कलम ६(३) प्रमाणे कंपनीच्या प्रत्यक्ष व्यवस्थापनाची जागा भारतात असेल तर ती परदेशी कंपनीच भारताची रहिवासी ठरते आणि तिचा जगभरचा नफा इथे करपात्र होतो. फेब्रुवारी २०१७ च्या परिपत्रकानं वर्षाला ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांना यातून वगळलंय, त्यामुळे तुम्हाला आज भीती नाही. पण धंदा वाढणार, तो वाढावाच. तेव्हा बोर्डाच्या बैठका सिंगापूरला खरोखर होऊ द्या, तिथल्या संचालकाला खरोखर अधिकार द्या. नोंदवहीत सही तिथली आणि निर्णयाची ईमेल मरोळची, अशी प्रकरणं मी पाहिली आहेत. त्यात करदात्याला उत्तर देता येत नाही.

दुसरी. तुमचे ते एकोणीस लाख गेलेच असं समजू नका. कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफ करून परताव्याचा दावा ऐकावा असा अर्ज करता येतो. ऑक्टोबर २०२४ च्या ११ क्रमांकाच्या परिपत्रकानुसार आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षं मुदत आहे. तुमच्या २०२२-२३ च्या उत्पन्नाचं आकारणी वर्ष २०२३-२४, म्हणजे ३१ मार्च २०२९ पर्यंत वेळ आहे. एक कोटीपर्यंतचा दावा प्रधान आयुक्त किंवा आयुक्तांच्या पातळीवर ठरतो. दावा खरा आहे आणि नाकारला तर खरीखुरी अडचण होते, हे दाखवावं लागतं. चुकीचा सल्ला मिळाला हे कारण प्रतिज्ञापत्रावर द्या, पुढच्या वर्षी तोच दावा मान्य झाल्याचा कागद जोडा. तो तुमचा सर्वात भक्कम पुरावा. फॉर्म ६७ उशिरा भरला म्हणून क्रेडिट नाकारता येत नाही, असं मद्रास उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये म्हटलंय, तेही जोडा.

मिळेलच असं वचन देत नाही. पण अर्ज न करता सोडू नका.

---

मरोळची_लेक | १६ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

काका, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. बाबांना आत्ता वाचून दाखवलं, ते चहा तसाच ठेवून फाइल शोधायला गेलेत.

---

आम्स्टेलवीनकर | १६ नोव्हेंबर, दुपारी २.५५

मूळचा दादर हिंदू कॉलनीचा, सध्या नेदरलँड्समध्ये करसल्ल्याचं काम करतो. युरोपचं थोडं लिहितो, कारण मुंबईच्या अनेक कंपन्या इथे होल्डिंग कंपनी काढून तिच्याखाली जर्मनी, पोलंडच्या उपकंपन्या ठेवतात.

युरोपीय संघात मूळ कंपनी आणि उपकंपनी यांच्यासाठी १९९० पासून एक निर्देश, म्हणजे सगळ्या सदस्य देशांना पाळावा लागणारा नियम, आहे. २०११ मध्ये तो नव्यानं लिहिला गेला. सुरुवातीला २५ टक्के भागीदारी लागायची, २००९ पासून १० पुरते. ही अट पाळली तर उपकंपनीच्या देशानं लाभांशावर कर कापायचा नाही, आणि मूळ कंपनीच्या देशानं एकतर तो लाभांश सोडून द्यायचा किंवा उपकंपनीनं भरलेल्या कराचं क्रेडिट द्यायचं. मरोळताईंना जे क्रेडिट एका कराराच्या कलम २५ मध्ये शोधावं लागलं, ते इथे सत्तावीस देशांत कायदाच आहे. नेदरलँड्स तर ५ टक्के भागीदारीलाही पूर्ण सूट देतं.

पण कागदी कंपन्यांचे दिवस गेले. २६ फेब्रुवारी २०१९ ला युरोपीय न्यायालयानं डेन्मार्कच्या प्रकरणांत स्पष्ट सांगितलं, मधली कंपनी फक्त पैसे पुढे ढकलण्यापुरती असेल तर निर्देशाचा फायदा मागता येणार नाही, देशाच्या कायद्यात तसं लिहिलेलं असो वा नसो. जर्मनी तर शून्य दर लावण्याआधी मधल्या कंपनीचा खरा व्यवसाय विचारतं. माझ्याकडे मुंबईहून फोन येतात, "फक्त एक पत्ता हवाय." मी नाही म्हणतो. ऑफिस, माणूस, निर्णय, जोखीम यातलं काही खरं असेल तरच या.

ब्रिटन बाहेर पडल्यामुळे एक बदल झालाय, तोही सांगतो. २०२१ पासून लंडनच्या होल्डिंग कंपनीला हा निर्देश लागू नाही. जर्मनीतून लंडनला लाभांश पाठवला तर त्यांच्या आपसातल्या करारानं ५ टक्के कापले जातात. ज्यांची जुनी रचना लंडनमार्गे आहे त्यांनी ती पुन्हा तपासावी.

आणि नेदरलँड्सहून मुंबईला? इथला दर १५, कराराचा १०, पण २०१८ पासून करार असलेल्या देशातल्या मूळ कंपनीकडे ५ टक्के शेअर असतील आणि रचना खरी असेल तर काहीच कापत नाहीत. मुंबईत उतरल्यावर मात्र पूर्ण २५.१७. सगळ्या युरोपभर न थकता आलेला पैसा शेवटी सहार विमानतळावर थांबतो, म्हणून नियोजन मुंबईपासून उलट करत जा.

---

हिशेबनीस_गोरेगाव | १६ नोव्हेंबर, रात्री ८.४०

दोन राहिलेल्या गोष्टी. लाभांश जाहीर झाला की पैसे भारतात आणायला परदेशी गुंतवणुकीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे ९० दिवस मिळतात, आणि उपकंपनीचा वार्षिक अहवाल ३१ डिसेंबरपर्यंत बँकेमार्फत जातो. त्यातला लाभांशाचा आकडा आणि रिटर्नमधला आकडा एकच हवा. दुसरं, उपकंपनीत गुंतवायला कर्ज काढलं असेल तर त्याचं व्याज लाभांशाच्या २० टक्क्यांपर्यंतच वजा होतं, दुसरा कुठलाच खर्च होत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत. वरचे सगळे आकडे १९६१ च्या कायद्यातले आहेत. जुन्या वर्षांचे दावे जुन्याच कायद्यानं चालतील.

---

मरोळची_लेक | २२ नोव्हेंबर, रात्री १०.०५

आठवडाभराची हकीकत. पार्ल्याचे काका आणि मी मिळून ११९(२)(ब) चा अर्ज लिहिलाय. सिंगापूरच्या ऑडिटरकडून २०२२ च्या नफ्यावरच्या कराचं पत्र आलं. ठरावात वर्ष नसल्यामुळे बोर्डानं आता खुलाशाचा ठराव केलाय, आणि त्यात जुनी तारीख न घालता आजचीच घातलीय. हे काकांनी बजावून सांगितलं. निवृत्त_आयकर काकांनी सुचवल्याप्रमाणे २०२३-२४ च्या परताव्याचा आदेश वर लावलाय. सोमवारी देणार आहोत.

निवृत्त_आयकर काका, एक विचारायचं होतं. प्रतिज्ञापत्र बाबांनी संचालक म्हणून करायचं की हिशोब बघणारी म्हणून मी केलं तरी चालेल? बाबांना रांगेत उभं करायचं नाहीये.

---

निवृत्त_आयकर | २३ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

रिटर्नवर ज्यांची सही, त्यांनीच करावं, म्हणजे बाबांनी. नोटरी मरोळलाच होईल, कर्वे रोडपर्यंत त्यांना आणू नका. अर्ज तुम्ही द्या, सोबत अधिकारपत्र ठेवा, आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.